दार वाजवणाऱ्यांची वही

२०२३ ची दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. कचेरीतून घरी आलो, हातपाय धुतले, चहा घेतला आणि नेहमीप्रमाणे गटाची वही उघडली. आम्ही मनमाडला एका कचेरीत कारकुनी करतो. शिक्षण बी.कॉम. त्यामुळे वस्तीतल्या बायांनी २०१८ साली मसाल्याचा बचत गट काढला, तेव्हा हिशेबाची वही कुणी न सांगताच आमच्याकडे आली. आमची पत्नी गटाची सचिव, म्हणून ती वही पुन्हा घराबाहेर गेलीच नाही.

त्या दिवशी वही पाहून मात्र पोटात गोळा आला. 'नवीन गिऱ्हाईक' या रकान्यात दोन महिन्यांत एकही नाव नव्हते. दिवाळीचा माल गेला होता, पैसाही आला होता, म्हणून कुणाच्या लक्षात आले नाही. पण सगळी नावे जुनीच होती. तीच घरे, तीच माणसे.

गटात बारा बाया मिरची निवडतात, भाजतात, कांडप यंत्रावर मसाला करतात. कांदा-लसूण मसाला, काळा मसाला आणि गरम मसाला. विकण्याचे काम नऊ जणांकडे. हे नऊ जण सहा गावांत पसरलेले. कल्याण, उल्हासनगर, नाशिकरोड, भुसावळ, पुण्याचे येरवडा आणि पूर्वीचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. बहुतेक आमच्याच वस्तीच्या लेकी, लग्न होऊन तिकडे गेलेल्या. भुसावळला तेवढा एक पोरगा, शिकता शिकता विक्री करणारा. पगार कुणालाच नाही. किलोमागे ८० रुपये सुटतात. पंचवटी एक्सप्रेसने जाणाऱ्या पासधारक मंडळींच्या ओळखीने नाशिकरोड, कल्याणचा माल जातो, बाकीचा एस.टी.ने. म्हणजे माल आमच्या डोळ्यांसमोर तयार होतो, पण विकणारी माणसे डोळ्यांआड. ती दुपारी दार वाजवतात की घरी झोपतात, हे आम्हाला कळण्याचा मार्ग एकच, फोन.

जुनी घरे गळतात

कुणी म्हणेल, जुनी घरे माल घेत आहेत ना, मग झाले. आम्हीही आधी तसेच समजत होतो. पण वर्षभराची पाने उलटली तेव्हा हिशेब समजला. कल्याणच्या ताईकडे वर्षापूर्वी २२ घरे होती. एका घराने भाड्याची खोली बदलली. एका घरात सून आली आणि तिच्या माहेरचा मसाला येऊ लागला. एका आजीबाई वारल्या. दोन घरांनी दुकानातली पुडी सुरू केली. एक घर उधारी बुडवून बोलेनासे झाले. २२ ची १६ झाली होती. ताईने काही चूक केली नव्हती. पण जुनी घरे गळत असताना नवीन घर जोडले नाही, तर नुसते बसून राहणारा माणूससुद्धा मागे जातो.

दुसरी गोष्ट मसाल्याच्या धंद्याची. वर्षाचा मसाला घरोघर फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत भरला जातो. ऊन कडक होते, नवी मिरची बाजारात येते, तेव्हा बाई ठरवते की यंदा मसाला घरी करायचा की विकत घ्यायचा. पण उन्हाळ्यात तिच्या दारात प्रथमच उभे राहिलात तर ती अनोळखी माणसाकडून चार किलो मसाला का घेईल? तिने आपला मसाला थंडीत चाखलेला असला पाहिजे. म्हणजे ज्या नोव्हेंबर-डिसेंबरात कुणी काही घेत नाही, त्याच दिवसांत दारे वाजवायची असतात. फळ चार महिन्यांनी. आणि जे काम केल्याचे फळ आज दिसत नाही, ते काम माणूस उद्यावर ढकलतो. हे कल्याणच्या ताईचेच नाही, आमचेही तसेच आहे.

आम्ही केलेल्या चुका

मग आम्ही कंबर कसली. चळवळीत वीस वर्षे काम केलेला माणूस, भाषण करण्याची सवय. मोबाईलवर सगळ्यांचा ग्रुप होताच. रोज सकाळी ६ वाजता त्यावर एक स्फूर्तीचा विचार टाकू लागलो. "उठा, कामाला लागा, यश तुमची वाट पाहत आहे." नऊ जण रोज हात जोडल्याचे चित्र पाठवत. रकाना मात्र कोराच.

मग दर शनिवारी यादी टाकू लागलो. कोणी किती नवीन गिऱ्हाईक जोडले, वरपासून खालपर्यंत क्रमाने. शेवटच्या तीन नावांना लाल रंग. आम्हाला वाटले, लाज वाटली की माणूस धावतो.

शेवटी बक्षीस लावले. डिसेंबर अखेरपर्यंत जो सर्वांत जास्त नवीन घरे जोडेल त्याला प्रेशर कुकर. गटाच्या खात्यातून १८०० रुपये खर्च केले. भुसावळच्या पोराने १४ नवीन नावे लिहून कुकर जिंकला. आम्ही ग्रुपवर त्याचे अभिनंदन केले. जानेवारीत त्या १४ पैकी एकानेही दुसऱ्यांदा मसाला घेतला नाही. चौकशी केली तेव्हा कळले, ते त्याचे मेसमधले मित्र आणि मावसभाऊ होते. प्रत्येकाच्या गळ्यात त्याने शंभर ग्रॅमची पुडी मारली होती. पोरगा लबाड नव्हता. आम्ही नावे मागितली, त्याने नावे दिली.

कल्याणच्या ताईचे नाव यादीत कायम तळाला, लाल रंगात. पण डिसेंबरपासून तिचा रोज संदेश येऊ लागला, "आज १० घरे केली." आम्ही खूश झालो. फक्त एवढी घरे करून नवीन गिऱ्हाईक एकही कसे नाही, हे कोडे होते.

कल्याणचा जिना

जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी सकाळच्या पंचवटीने दोन पोती घेऊन आम्ही स्वतः कल्याणला गेलो. ताई कल्याण पूर्वेला चाळीत राहते. मालक एका कारखान्यात कंत्राटावर, दोन मुले शाळेत. चहा झाला, जेवण झाले. मग आम्ही सहज म्हणालो, "ताई, चला, तुम्ही केलेली नवीन घरे दाखवा."

ताई खाली मान घालून बसली. बराच वेळ बोलली नाही. मग उठली, मुलांना बाहेर खेळायला पाठवले आणि म्हणाली, "दादा, मी कुठंच गेले नाही. ते दहा-दहा मी खोटंच लिहीत होते."

आम्हाला राग आला. तो चेहऱ्यावर दिसलाही असेल. पण पुढचे ऐकले आणि राग जागच्या जागी विरला.

ऑक्टोबरच्या शेवटी ती जवळच्या एका नव्या इमारतीत गेली होती. तिसऱ्या मजल्यावर एका बाईने दार उघडले, चांगली बोलली. पुडीचा वास घेतला. म्हणाली, "वा, अगदी गावाकडच्यासारखा आहे." अर्धा किलो द्या म्हणून आतून पैसे आणले. पैसे हातात असताना तिने विचारले, "तुमचं आडनाव काय हो?" ताईने सांगितले. त्या बाईने पैसे मुठीत धरले, पुडी परत ताईच्या हातात दिली आणि म्हणाली, "राहू द्या. आमच्याकडे घरचाच असतो." दार लागले.

"त्या दिवसापासून मला नवीन जिना चढवेना," ताई म्हणाली. "पहिल्या पायरीवर पाय ठेवला की घशात काहीतरी अडकतं. कुणाला सांगू? मालकाला सांगितलं तर ते म्हणतील सोडून दे. ग्रुपवर सांगू तर माझं नाव लाल रंगात. तिथं कसं सांगू?"

बंधू-भगिनींनो, आम्ही तेव्हा काय म्हणालो ते लिहायला आज लाज वाटते. आम्ही म्हणालो, "त्यात काय एवढं? एक दार बंद झालं तर दुसरं वाजवायचं." ताईने आमच्याकडे पाहिले आणि शांतपणे म्हणाली, "दादा, तुम्ही एकदा वाजवून बघा."

आम्ही गेलो. दुपारचे ४ वाजले होते. पिशवीत पुड्या, बरोबर ताई. पहिले दार उघडलेच नाही. दुसऱ्या दारातून एक मुलगा डोकावला आणि "मम्मी नाही" म्हणाला, आतून मम्मीचा आवाज येत होता. तिसऱ्या घरात एक आजी भेटल्या. त्यांनी आपल्या गावच्या मसाल्यात दगडफूल किती, नागकेशर किती, हे पाऊण तास सांगितले आणि काही घेतले नाही. चौथ्या घरी पाव किलो गेला. आम्ही फुशारलो. पाचव्या घरातल्या गृहस्थांनी आमच्या पिशवीकडे पाहून वॉचमनला हाक मारली. सहाव्या दारासमोर उभे राहिलो आणि घंटी दाबायला हात उचलेना. सभेत माइकसमोर तासभर बोलताना कधी न सुकलेला घसा तिथे कोरडा पडला. आणि आमच्याकडे तर आडनाव अजून कुणी विचारलेही नव्हते.

ताईने मागून हात पुढे केला आणि घंटी दाबली.

गाडीत सुचलेले

संध्याकाळच्या पंचवटीने परतताना मनात दोन गोष्टी आल्या.

पहिली बाबासाहेबांची. १९१७ साली बडोद्याची नोकरी सोडून ते मुंबईला आले. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. या मधल्या काळात त्यांनी शेअरच्या व्यवहारात व्यापाऱ्यांना सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सुरुवात चांगली झाली. पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि गिऱ्हाईक येईनासे झाले. त्यांच्या चरित्रात हा प्रसंग आहे. आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी म्हणून तो अनेकदा वाचला, सभेत सांगितलाही. पण त्या रिकाम्या कचेरीत बसलेल्या माणसाला दुपारी काय वाटले असेल, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. ताईला आम्ही "त्यात काय एवढं" म्हणालो होतो.

दुसरी आठवण आमच्या ओळखीच्या एका निवृत्त गृहस्थांची. १९८२ साली युरेका फोर्ब्स कंपनीने आपल्याकडे घरोघर जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकायला सुरुवात केली. पुढे काही वर्षे हे गृहस्थ त्या कामात होते. ते सांगायचे, "दिवसभर दारे तोंडावर बंद व्हायची. पण सकाळी कचेरीत सगळे जमायचो, संध्याकाळी पुन्हा जमायचो. कोणाला कुत्रा लागला, कोणाला कोण काय बोललं, हे सांगून हसायचो. त्या हसण्यावर दुसऱ्या दिवशी बाहेर पडायचो."

आमच्या ताईला ती सकाळची कचेरी नव्हती आणि संध्याकाळचे हसणेही नव्हते. ती एकटी जिना चढत होती, एकटी उतरत होती आणि घरी येऊन एकटीच ते सगळे गिळत होती. दूर राहून विक्री करणारा माणूस आळसाने थांबतो असे आम्ही धरून चाललो होतो. खरे कारण हे की त्याला मिळालेल्या नकाराला वाटेकरी नसतो.

मग काय केले

घरी येऊन पत्नीला सगळे सांगितले. ती म्हणाली, "आधी ती लाल यादी बंद करा." त्याच रात्री ग्रुपवर सर्वांची माफी मागितली आणि यादी बंद केली. मग फोनवर सगळ्यांशी बोलून नवीन रीत ठरवली. ती इथे देतो. कुणाच्या उपयोगी पडली तर पडो.

एक, किलो मोजायचे बंद केले, दारे मोजायला सुरुवात केली. समोरच्याने मसाला घ्यावा हे आपल्या हातात नाही. दार वाजवणे आपल्या हातात आहे. सोमवार ते गुरुवार, रोज फक्त पाच नवीन दारे. दुपारी १ ते ३ कुणाचे दार वाजवायचे नाही, माणसे जेवून आडवी झालेली असतात. ४ नंतर जायचे. पाच दारे झाली की त्या दिवसाचे काम पूर्ण, एक ग्रॅम विकला नाही तरी पूर्ण. आणि सहावे दार त्या दिवशी वाजवायचे नाही. उत्साहात पंचवीस दारे करणारा दुसऱ्या दिवशी घरी बसतो, हे आम्ही पाहिले होते.

दोन, जोड्या लावल्या. उल्हासनगरच्या बाईंनी याच सुमारास काम सोडले, त्यामुळे आठ जण उरले आणि चार जोड्या झाल्या. दोघी वेगवेगळ्या गावच्या. कल्याणची ताई आणि येरवड्याची बाई. नाशिकरोडची मावशी आणि भुसावळचा पोरगा. घराबाहेर पडताना एक फोन, परत आल्यावर एक फोन. दोन-दोन मिनिटांचे. त्यात आम्ही नाही.

तीन, वहीचे रकाने बदलले. दार वाजवले, दार उघडले, पुडी घेतली, पुन्हा गेलो, माल घेतला. पुडी म्हणजे वीस ग्रॅम मसाला, एका भाजीपुरता, फुकट. पुडीवर तारीख. चौथ्या दिवशी त्या घरी जाऊन फक्त एवढेच विचारायचे, "भाजी कशी झाली?" आमच्या जुन्या वहीतली निम्मी घरे केवळ कुणी पुन्हा गेले नाही म्हणून सुटली होती.

चार, बक्षिसाचा पैसा कमिशनमध्ये वळवला. नवीन घराच्या पहिल्या खरेदीवर जादा काही नाही. त्याच घराने तिसऱ्यांदा मसाला घेतला की विक्री करणाऱ्याला ५० रुपये जादा. त्या दिवसापासून मावसभाऊ वहीत यायचे थांबले.

पाच, प्रत्येक जुन्या घराकडे दोन नावे मागायची. "तुमच्या ओळखीत कुणाला आवडेल?" ओळखीने गेलेले दार लवकर उघडते.

सहा, रविवारी रात्री ८ वाजता अर्धा तास सगळ्यांचा एकत्र फोन. पहिला प्रश्न एकच, "या आठवड्यातलं सर्वांत वाईट दार कोणतं?" सुरुवात आम्ही करायची. कारण आता दर शनिवारी आम्हीही मनमाडात पाच दारे वाजवतो. कचेरीत कळल्यावर काहीजण हसले. हसू द्या. पण ज्याने आठवड्यात एकही दार वाजवले नाही, त्याने दुसऱ्याला दार वाजवायला सांगू नये.

सात, आजारपण, मुलांची परीक्षा, घरचे लग्न. त्या दिवशी वहीत 'सुट्टी' लिहायचे. कारण विचारायचे नाही. कारण विचारले की खोटे लिहिले जाते, हे आम्ही कल्याणला शिकलो.

आडनावाचा प्रश्न

पण मुख्य प्रश्न राहिला होता. पहिल्याच रविवारी ताईने स्वतः तो प्रसंग सर्वांना सांगितला. फोनवर क्षणभर कुणी बोलले नाही. मग एकेकीने तोंड उघडले. आठपैकी पाच जणींना कुठे ना कुठे हा प्रश्न विचारला गेला होता. प्रत्येकीला वाटत होते, आपल्यालाच. प्रत्येकीने तो आपल्यापाशीच ठेवला होता.

एकीने सुचवले, "दुसरं कुठलंतरी आडनाव सांगावं. पोटापुढं काय?" तिच्या बोलण्यात चूक काढणे सोपे आहे, पण तिच्या घरी चूल त्या पैशावर पेटते. आम्ही गप्प राहिलो. तेव्हा नाशिकरोडची मावशी म्हणाली, "अगं, मिरची आपण भाजायची, खोकून खोकून छाती आपली दुखायची, आणि नाव दुसऱ्याचं सांगायचं? मग कमाई कोणाची म्हणायची?"

खूप बोलणे झाले. ठरले ते असे. आपण होऊन सांगण्याची सक्ती नाही. पण कुणी विचारले तर खरे नाव सांगायचे, आवाज न पाडता. त्या घराने नाही म्हटले तर पुडी पिशवीत ठेवायची, वाद घालायचा नाही, आणि वहीत त्या दारापुढे खूण करायची. ते दारही पाचातले एक दार म्हणूनच मोजायचे. त्या दिवसाच्या कामातून ते वजा होणार नाही. आणि त्याच संध्याकाळी जोडीदाराला फोन करून सांगायचे, रविवारची वाट पाहायची नाही.

अपमान यामुळे नाहीसा होत नाही. आमच्या वहीतल्या खुणा आजही थांबलेल्या नाहीत. पण एकीच्या छातीवरचे ओझे आठ जणांत वाटले गेले की दुसऱ्या दिवशी पायरी चढता येते, एवढे मात्र आम्ही पाहिले.

हिशेब

आता थोडा हिशेब, कारण आम्ही मूळचे हिशेबनीस. फेब्रुवारी २०२४ च्या चार आठवड्यांत आठ जणांनी मिळून ६४० दारे वाजवायची ठरली होती. झाली ५१२. त्यातून ४३ घरांनी मसाला घेतला. म्हणजे साधारण बारा दारांमागे एक घर.

घर पक्के झाले की वर्षाला तीन किलो मसाला सहज जातो. किलोमागे ८० रुपये, म्हणजे २४० रुपये. हे २४० रुपये बारा दारांत वाटा. दारामागे २० रुपये आले. नवीन घरांपैकी निम्मीच टिकली असे धरले तरी दारामागे १० रुपये. रविवारच्या फोनवर आम्ही हा हिशेब मांडला आणि म्हणालो, "जे दार उघडलं नाही, त्याचीही मजुरी दहा रुपये पडते. ज्याने हाकललं, त्याचीही तेवढीच." भुसावळचा पोरगा पटकन म्हणाला, "मग आज मला एकानं दोनदा हाकललं, वीस रुपये झाले!" सगळे हसले. ते हसणे ऐकले आणि आम्हाला युरेका फोर्ब्सवाले गृहस्थ आठवले.

सगळे गोड झाले असे नाही. उल्हासनगरच्या बाई परत आल्या नाहीत. आमच्या लाल यादीत त्यांचेही नाव असायचे. येरवड्याच्या बाईंना चार दिवस जमत नाही, त्या दोनच दिवस जातात, तेही आम्ही मान्य केले. पावसाळ्यात दारांची संख्या अर्ध्यावर येते. पण 'नवीन गिऱ्हाईक' हा रकाना त्यानंतर सबंध महिनाभर कोरा राहिला असे एकदाही झाले नाही. कल्याणच्या ताईची १६ घरे उन्हाळा संपेपर्यंत २७ झाली.

घरच्यांसाठी दोन शब्द

हे सगळे मसाल्याबद्दल वाटेल. पण आपल्या घरांतली कितीतरी मुले-मुली आज विक्रीच्या कामात आहेत. कुणी विम्याचे, कुणी कर्जाचे, कुणी घरबसल्या फोनवरून गिऱ्हाईक शोधण्याचे काम करते. २०२० च्या टाळेबंदीनंतर घरून काम करणारे वाढले. त्यांचा साहेब दुसऱ्या शहरात असतो, त्याला फक्त आकडे दिसतात. दिवसाला पन्नास माणसे त्यांना नाही म्हणतात, आणि त्या नकारानंतर ती एकटीच खोलीत बसलेली असतात.

आपल्यापैकी कुणी असा साहेब झाला असेल, तर त्याला आमची विनंती आहे. महिन्याच्या शेवटी आकडा मागण्याआधी आठवड्यातून एकदा त्यांचे वाईट दार विचारा. आधी तुमचे सांगा. आणि लाल रंग वापरू नका.

आणि घरच्यांना विनंती आहे. मुलगी संध्याकाळी पिशवी घेऊन परत आली, की "किती विकलं?" असे एकदम विचारू नका. न विकलेल्या दिवशी तो प्रश्न सातव्या दारासारखा लागतो. आधी पाणी द्या. मग विचारा, "आज किती दारं झाली?" याचे उत्तर तिला कधीही मान खाली न घालता देता येते.

मे महिन्यात कल्याणच्या ताईचे पान तपासत होतो. त्या नव्या इमारतीचे नाव पुन्हा दिसले. पुढे तिच्या अक्षरात लिहिले होते: तळमजला, माल घेतला. पहिला मजला, उघडले नाही. दुसरा मजला, पुडी दिली. तिसऱ्या मजल्यापुढे नुसती खूण होती. आणि त्याखाली, चौथा मजला, पुन्हा बोलावले आहे.

आम्ही बेरीज केली. चार नवीन दारे झाली होती. पाचवे तिने शेजारच्या इमारतीत जाऊन पूर्ण केले होते.